वाढीव पट्टी

उद्यमनगरात, मागच्या गल्लीत,
माझ्या टेबलाच्या खणात दोन स्टीलच्या पट्ट्या आहेत.
आकडे दोन्हींवर तेच, एक ते चोवीस.
अंधारात हात घातला तर कुठली आली ते कळत नाही.
उजेडात शेजारी धरल्या
की सुरुवात जुळते,
शेवट पाव इंचाने चुकतो.

एक पट्टी जगाची.
दुसरी आम्हा पॅटर्नवाल्यांची, जरा लांब इंचांची.
कारण बीड थंड होताना आकसतं, शंभराला एक.
पोलाद तर दोन.
हवं त्याहून मोठं सागवान तासावं,
तेव्हा कुठे हवं तेवढं हाती येतं.

म्हणून मला वाटायचं, शालन,
सुरुवातीला माणसं जे अतोनात बोलतात
ते खोटं नसतं.
पुढे निवायचंच आहे, हे धरून
आधीच सोडलेलं माप असतं ते.
मीही बोललो होतो. तू हसली होतीस.

गंगावेशीच्या कट्ट्यावर, म्हैस समोर उभी,
तू धारोष्ण दुधाचा ग्लास संपवून म्हणालीस, "मी जातो आता."
मी चिपळूणकडचा, नवखा.
मागे वळून पाहिलं, कोण पुरुष बोलला.
मग कळलं, इथल्या बायका अशाच जातात नि येतात,
क्रियापदाला बाई-बुवा न विचारता.
त्या रात्री खोलीवर मी ते वाक्य उलटसुलट म्हणून बघितलं.
"मी जातो" यातला मी
तुझा की माझा, ठरेना.
अजून ठरलेलं नाही.

फेस बसला की पाव ग्लास रिकामा दिसतो,
हे मी तुला माझ्या सिद्धांताचा पुरावा म्हणून दाखवलं होतं, लग्नानंतर.
तू म्हणालीस, "फेस काय पाण्याचा असतोय व्हय?"

एक गोष्ट मात्र पट्टीत बसत नाही.
वाळूत साचा दाबतात, मग उचलून घेतात.
रस ओतला जातो तो त्या रिकामपणात.
तयार नगात लाकडाचा कणसुद्धा नसतो.
एकवीस वर्षं मी ज्याच्याशी बोललो, भांडलो,
ती तू होतीस,
की तुझ्या आकाराची माझ्यातली पोकळी,
जी मी माझ्याच धातूने भरत आलो?
हे विचारायला दोनदा तोंड उघडलं.
एकदा कुकरची शिट्टी झाली.
दुसऱ्यांदा तू झोपली होतीस.

साच्याला ढाळ द्यावा लागतो बाजूंनी,
काठ न मोडता बाहेर निघता यावं म्हणून.
प्रेमात तो कुणीच देत नाही.
आमच्या मोल्डर बाबासोची बायको इचलकरंजीला गेली ती गेलीच.
तो सहा महिने वाळू चाळत बसायचा,
चाळलेलीच वाळू,
आणि कुणी काही म्हटलं नाही.

परवा तू पडद्याचं माप घ्यायला
खणातून पट्टी नेलीस. तीन वेळा टेकवून बहात्तर इंच.
शिवून आला तो पाऊण इंच लांब.
मी लगेच ओळखलं कुठली पट्टी ते,
आणि जरा विजयी आवाजात समजावू लागलो.
तू सुईतला दोरा दातांनी तोडत म्हणालीस,
"ऱ्हाऊ दे. कापड बी आकसतंय की धुतल्यावर."

मी गप्प.
हे तुला कुणी शिकवलं नव्हतं.
म्हणजे तुझ्याकडेही होती पट्टी,
माझ्या आधीपासून, आकडे न कोरलेली,
आणि त्या हसण्याच्या वेळी, कट्ट्यावर,
तू मला मोजून बघितलं असशील,
किती आटेल हा, किती उरेल.

आज तिसरी धुलाई झाली.
पडदा आटलेला नाही.
सोमवार, शेड बंद.
खिडकीतून वारं आलं की त्याची कड
फरशीवर थोडी पुढे सरकते,
थोडी मागे.
पट्टी खणातच आहे.
उठून मोजता येईल.
तू म्हणतेस, "चहा ठेवतो."
मीही तेच म्हणायला उठलो होतो.