खंय दुखता

ओशमध्ये पाच हिवाळे काढले.
सहाव्या वर्षी डोंगरातल्या एका दवाखान्यात पाठवलं.
तिथे पेशंट घोड्यावरून यायचे
आणि मी एकच वाक्य बिनचूक बोलायचे:
कायसी जेरिंगिझ ओरुयत?
तुमची कुठली जागा दुखते?
जेर म्हणजे जागा. जेर म्हणजे जमीनसुद्धा.
हे तिथल्या नर्सनं सांगितलं,
चहात मुरंबा ढवळता ढवळता.

परीक्षा तिसऱ्यांदा दिली तेव्हा सुटले.
आता खाडीच्या तोंडावरचं हे आरोग्य केंद्र,
फ्रीजमध्ये लसी, फ्रीजवर
आरोसकर सिस्टरची अबोलीची पुडी.
मी बार्शीची. समुद्र पाहिला होता
तो विमानातून, तोही डुलकीत.
"तू रशियातसून इलंस मां?"
पहिल्या आठवड्यात मी नकाशा काढून दाखवायचे.
आता हो म्हणते.

काजूच्या कारखान्यातली सत्यवती
दोन्ही पंजे टेबलावर ठेवते.
चिकानं बोटं सोललेली, रेषा पुसून गेलेल्या,
रेशनचं मशीन तिला ओळखत नाही.
"मलम दी," म्हणते,
"आनी जमलाच तर आंगठोव."

मग त्या पहाटे
रापण ओढता ओढता दाजी कुबलांच्या पायात
पाकटाचा काटा.
चौघांनी उचलून आणलं. पाय काळानिळा,
माणूस दात आवळून गप्प.
मी इंजेक्शन शोधते, मोबाइलवर पान शोधते,
रेंज नाही.
सिस्टरनं तोवर स्टोव्हवर पातेलं चढवलेलं.
"ऊन पाण्यात पाय बुडव. सोसात तितक्या ऊन."

तासभर मी कोपर बुडवून पाणी बघत होते,
बाळाच्या न्हाणाचं बघतात तसं,
निवलं की ओत, निवलं की ओत.
मध्येच घाबरून तोंडातून निघालं,
कायसी जेरिंगिझ...
देश चुकला.
सिस्टर थांबली. स्टोव्ह तेवढा फुरफुरत राहिला.
दाजींनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं,
सावकाश, मीच पेशंट असल्यासारखं:
"तुका खंय दुखता गो?"

धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.
केसपेपरवर लिहिलं: उजवा घोटा.

ते पान रात्री सापडलं.
गरम पाणी, असंच होतं,
शेवटून दुसऱ्या ओळीत.
आणि दारात डबा होता,
त्याच पाकटाचं तिखलं.
मी मासे खात नाही
हे मालवणीत कसं सांगायचं
मला अजून येत नाही.