ओळख पाहू

मोस्तारला वीज गेली, की रेफिक कोडी घालतो.
"चारशे वर्षांचं म्हातारं,
पण अल्दिनाहून लहान. ओळख पाहू?"

ती मेणबत्तीचं मेण नखानं खरवडते.
"मशीद?"
"छे. पाठीत वाकलंय, पाय कोरडे,
उन्हाळ्यात पोरं त्याच्या अंगावरून नदीत उड्या टाकतात."
"पूल! सोप्पं होतं, बाबा. आता माझं.
दोन काठ, मधे काहीच नाही,
तरी एकजण सारखा तिथंच जातो."

रेफिक गप्प.
खिडकीशी नेरेत्वाचा आवाज.
उत्तर त्याला ठाऊक आहे,
अकरा वर्षांचं.

"हरलो," म्हणतो.

अल्दिना आ करते,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ घालून दाखवते.
"मेणबत्ती जवळ धर ना. नीट बघ,
टोक आलंय का?"