आरिया

भायखळ्यात छापखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर
मंगळवार-शुक्रवार साडेसहाला वर्ग भरतो.
खालचं मशीन सुरू असलं की बाकं थरथरतात
आणि लोर्ना मिस फळ्यावर
एक 'स' लिहून पुसून टाकतात.

आब्लास म्हणजे तू बोलतोस.
'स' पुसा. उरलं आब्ला. म्हणजे, बोल.
कोमेस, तू खातोस. पुसा. कोमे, खा.
आब्रेस, आब्रे. उघड.
"झाली आज्ञा," म्हणाल्या,
"आणि गंमत अशी, की 'तो बोलतो' हेही आब्लाच.
हुकूम आणि खबर एकाच शब्दात."

मला वाटलं, आमच्याकडे तर पुसायलाही काही नाही.
क्रियापदाचं सगळं सोलून काढलं,
काळ, पुरुष, वचन,
की तळाशी उरतो तो हुकूमच.
बोल. खा. ऊठ.

मोठ्या माणसाला सांगायचं तर
आपण काना जोडतो: बोला, उघडा.
त्यांच्यात अदलाबदल.
आब्लाचा काना काढून मात्रा: आब्ले.
कोमेची मात्रा काढून काना: कोमा.
मागच्या बाकावरचा नर्सिंगचा पोरगा हसला,
"पाहुण्यांना 'जेवा' म्हटलं की थेट कोमा!"

मी क्लिअरिंग एजंटकडे बिलं टाइप करते.
वाल्पराइसोहून कागद येतात, म्हणून ही भाषा.
फी अर्धी साहेब भरतो.

घरी माझगावात अब्बा खुर्चीत.
याकूब होडेकर, गोदीत तेहेतीस वर्षं,
क्रेनखाली उभं राहून इशारे द्यायचे.
तळवा वर: हाबेस.
तळवा खाली: आरिया.
आता कान गेलेत, पाय गेलेत,
खिडकीतून क्रेनची नुसती टोकं दिसतात, तीही धुरकट.

गृहपाठ होता: शब्दकोशातून नवं क्रियापद शोधा,
नियमानं चालणारं.
बोट फिरवता फिरवता सापडलं
अर्रिआर. दोर सैल करून खाली सोडणे.
अर्रिआस. 'स' पुसला.
मोठ्यानं वाचलं, अर्रीआ,
ऐकू जावं म्हणून नाही, सवयीनं.

अब्बांचा उजवा तळवा खुर्चीच्या हातावर
पालथा झाला
आणि हवेला थोपटू लागला.

"काय उतरवतंस गो? किती टनाचं?"

मी वही दाखवली. चश्मा पुसला, लावला, परत काढला.
लोर्ना मिस नंतर म्हणाल्या, पोर्तुगीजांकडून आला असेल,
दोघे शेजारीच, त्यांच्यातही आहे तो.
अब्बांना त्याचं काही नव्हतं.
"आमचा शब्द आहे," एवढंच.
आणि मग, वर्गात कुणी सांगितलं नव्हतं ते:
"ओरडून नाही म्हणायचा. खाली माणूस असतो."

"आणि 'नको' कसं म्हणायचे, अब्बा?"
(आमचा नकार पुढच्या महिन्यात आहे.)
"नको नाही म्हणायचं कधी.
टांगलेल्या मालाला नको कळत नाही.
काय करायचं ते सांगायचं. थांब. हाबेस. आरिया."

रात्री भाऊ पायांकडून, मी काखेतून,
खुर्चीतून पलंगावर. रोजचंच.
मधेच, हवेत, त्यांचं सगळं वजन माझ्या मनगटांवर आलं
आणि ते ताठरले, भ्यायले, नेहमीसारखे.

आमच्या घरात अब्बांना अहो-जाहो असतं.
आदराचं रूपही मला येत होतं,
काना काढून मात्रा: अर्रीए.
त्याच आठवड्यात घोकलं होतं.

कानाशी तोंड नेऊन म्हटलं, आरिया.

त्यांचा तळवा माझ्या पाठीवर
पालथा झाला.
हळू, इंच-इंच.
गादी लागेपर्यंत ते मला थोपटत राहिले.