आबा रे

वरातीत पोरं ओरडतात, "आबा रे! आबा रे!"
आणि खरोखरचे आबा फेटा सावरत मध्ये येतात.
दस्तगीर मुजावरनं हे गाणं बावीस वर्षं क्लॅरिनेटवर वाजवलं,
पापाच्या तिकटीपासून पार कसबा बावड्यापर्यंत.
शब्दांशी त्याचं काय देणंघेणं.

परवा उद्यमनगरात, पंपाची कास्टिंगं
पेरू देशाला धाडणाऱ्या शिरगुप्प्यांच्या पोरीनं सांगितलं:
मामू, ते 'आब्रे' आहे. म्हणजे उघड.
बाई दारात उभी आहे, रात्रीची.
आत दिवा आहे. कुणी उठत नाही.

"आन् गाणारी?"

एकोणिसाव्या वर्षी हे एक गाजलं.
मग तीन अल्बम, कुणी हुंगलं नाही त्यांना.
मग साबणाची जाहिरात. आता बोटीवर गाते,
जेवणाऱ्यांपुढं.
रोज हेच मागतात म्हणे.

मामूनं रीड ओठांत भिजवली. बोलला नाही.

रविवारी शिवाजी पेठेत वरात.
'आबा रे'पाशी त्यानं सूर जरा लांबवला,
कडी वाजवून थांबावं तसा.
"ओ मामू, झोपलासा काय? हाणा की जोरात!"
नवरदेवाचा भाऊ.
हाणलं.
आबा नाचले.
वरच्या मजल्यावर कुणीतरी
धाडकन खिडकी लावून घेतली.