निरंक

परिपत्रक आलं तेव्हा दहावीची सराव परीक्षा चालू होती.
विषय : शालेय विद्यार्थ्यांमधील अमली पदार्थ सेवन,
प्रतिबंधात्मक उपाययोजनांबाबत.
आठ मुद्दे, नवव्यात फक्त : छायाचित्रे जोडावीत.

म्हणून कुंभारकरमामा आणि मी
फाटकापासून टेप धरून निघालो.
शंभर यार्ड. टेप मीटरची.
एक्क्याण्णव, मामांनी फोनवर काढलं.
दांडेकर पुलाकडे हिशोब एका घराच्या मोरीत संपला.
ओढा तुमची रेघ, बाई म्हणाली, भांडी हलवू नका.
आंबिल ओढ्याच्या उतारावर पिवळा रंग धरेचना.
टपरीवाल्यानं चहा पाजला,
रेघ वाळेपर्यंत थांबला,
मग टपरी उचलून चार फूट पलीकडे ठेवली.
मी कायद्यानं वागतो, म्हणाला.
खरंच वागत होता.

सोमवारी शपथ. हात पुढे, माईक खरखरता.
'मी आजन्म' इथवर पोरं नीट आली,
पुढच्या जोडाक्षराला सगळी अडखळली.
चौकीतल्या मॅडमनी पडद्यावर कवट्या दाखवल्या.
मागच्या बाकांवर हशा.
माझाही आठवीत आहे, जाताना जिन्यात हळूच म्हणाल्या,
आणि घट्ट स्कार्फ बांधला.

मुद्दा सहा माझा : चित्रकला स्पर्धा.
एकशे चौदा चित्रं. एकशे बारांत
कवटी, साखळी, लाल फुली.
एकीनं डोंगर, सूर्य, नदी काढली,
तिला तेवढंच येतं.

आणि नववी ब, सार्थक ढेबे.
पेन्सिल आडवी घासून, बोटानं पुसून
त्यानं चांदीचा कागद काढला होता,
चुरगळून पुन्हा सपाट केलेला,
प्रत्येक घडीवर वेगळा उजेड.
मधून काजळाची रेघ, खाली येता येता बारीक झालेली.
शेजारी रिफिल नसलेलं पेन.

आठ वर्षं सांगतोय, बघून काढा, मनानं काढू नका.
पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं होतं.

चित्र कपाटात ठेवलं. कुलूप लावलं.
पुन्हा काढलं.

तक्ता चार : बाधित विद्यार्थी, संख्या.
सगळ्या शाळांनी निरंक लिहिलंय सर,
गुंजाळबाई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.
पोरगं वाईट नाहीये हो.
निरंक. केवढा स्वच्छ शब्द,
ओल्या फडक्यानं पुसलेल्या फळ्यासारखा,
तिरकं पाहिलं की ज्यावर
कालचं गणित दिसतं.

मी पेन्सिलीनं १ लिहिला.

बारा दिवसांनी तक्ता परत.
शेरा : पेन्सिलीने भरलेली माहिती ग्राह्य नाही.
अंक शाईने लिहावा अथवा निरंक दर्शवावे.

त्या मंगळवारी आम्ही ससूनच्या रांगेत होतो,
सार्थक, मी, आणि अर्धा खाडा करून आलेली त्याची आई.
पिवळ्या रेघेपासून दोन बस लांब.
तो सारखं नाक पुसत होता, ऊन असून स्वेटर.
कागदावर पालकाची सही हवी होती.
आईला पेन सापडेना.
त्यानं पटकन खिशातून काढून दिलं,
मग लक्षात येऊन परत घेतलं,
मुठीत धरून बसला.

पलीकडच्या म्हाताऱ्यानं आपलं पुढे केलं.
निळ्या शाईचं. चालत होतं.
आईनं नाव लिहिलं, एकेक अक्षर जोडत,
आडनावाशी जरा थांबून.

तक्ता माझ्या पिशवीतच होता.
झालं की इकडे द्या, मी म्हणालो.