साडेसहाशेवर दोन तास

वाळूज, तिसरी पाळी.
मुनवरच्या मशीनवर एक दांडा गरगरतो,
दुसरा मुकाट पुढं सरकतो.
वितळणं नाहीच. नुसतं घासणं, मग दाब,
पांढऱ्या ठिणग्या, मग एकदम थांबणं –
आणि सांध्याभोवती धातूची वळलेली कड,
भाकरीच्या काठासारखी
जरा उचललेली, जरा करपलेली.

"चिकटलं की," नवा पोरगा म्हणतो,
"आता भट्टीत कामून घालायचं?"

मी लगेच सांगत नाही.
हातमोजा काढून सांध्यावर बोट ठेवतो.
गार आहे. शांत दिसतो.
पण चार सेकंदांत जे झालं
ते आत तसंच आवळून बसलंय,
सुईसारखे कण एकमेकांत रुतलेले,
श्वास न सोडता.

तापल्यावर टायटॅनियमला हवा सोसत नाही.
आधी भट्टीतली सगळी हवा काढायची.
पंप घुरघुरत राहतो.
आमच्या लासूरला चैतात बोअर आटला
की मोटर अशीच रिकामं ओढत राहते.
तिथं ते रडगाणं,
इथं तेच काम.

मागं एकदा दाराच्या रबरातून
केसभर हवा शिरली होती.
चोवीस दांडे निघाले निळे, जांभळे, सोनेरी,
हिमरू शालीसारखे देखणे.
सगळे भंगारात.
साहेब काही बोलले नाहीत,
म्हणून अजून लक्षात आहे.

साडेसहाशे. दोन तास.
मग भट्टीतच निवू द्यायचं, त्याच्या गतीनं.
पोरगा बसल्या जागी पेंगतो,
मी डबा उघडतो: ठेचा, कालची मेथी.
काटा हळूहळू खाली येतो.
हे सांगण्यासारखं काम नाही.
घरी विचारतात, रात्रभर काय केलं?
काय सांगू, वाट पाहिली.

गुरुवारी लॅबमध्ये दैवशाला
घासून गुळगुळीत केलेला नमुना
जबड्यात धरते, ओढायला लावते.
नऊशे. नऊशे तीस.
आमचा चहा तसाच.
फाट्!

"कुठं?" मुनवर दारातूनच विचारतो.
ती तुकडे फिरवून बघते.
"सांध्यापासून दोन बोटं लांब."
आणि वहीत लिहिते, सांधा शाबूत.

पोरगा तुकडा उचलतो.
तुटलेल्या टोकाकडं बघतही नाही.
जिथं तुटलं नाही
ती जागा अंगठ्यानं शोधत राहतो,
बाहेर बस दोनदा हॉर्न देते तरी.