टॉवेल, ज्यांवर डाग होते,

साखर पेठेत फॉल-पिकोच्या दुकानावर
संध्याकाळी साडेसातला माझा इंग्रजीचा वर्ग भरतो.
अकरा जण. फी महिना दोनशे, दिली तर.
शेजारचे माग चालू असले की फळा थरथरतो
आणि माझा डब्ल्यू पाण्यात पडल्यासारखा दिसतो.
(मागाची उपमा इथं सगळेच देतात.
मी देत नाही. मला फक्त आवाज येतो.)

परवा मल्लेशम येमूल पत्र घेऊन आला.
फोल्डिंगला चेकर आहे,
बोटांना ब्लीचचा वास.
"मालकानं अर्थ लिहून आण म्हणलंय सर."
पत्र रॉटरडॅमचं, अडीच ओळींचं:
टॉवेल, ज्यांवर डाग होते, परत पाठवत आहोत.

मी दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
व्हिचच्या आधी एक स्वल्पविराम,
डागांच्या नंतर एक.
तिळाएवढे दोन.

फळ्यावर तेच वाक्य दोनदा लिहिलं.
स्वल्पविराम नसले, तर डाग होते तेवढेच परत.
असले, तर सगळेच परत,
आणि डाग ही जाता जाता सांगितलेली गोष्ट,
जसं लग्नात कुणी ओळख करून द्यावी:
हा आमचा धाकटा, दोनदा नापास झालाय, इंजिनियरिंगला आहे.

"सगळ्या पेट्या?"
"सगळ्या. तीनशे बारा."
"डाग तर नऊ पेट्यांतच होते की ओ.
मीच मोजल्या होत्या."

होत्या.
भूतकाळाच्याही मागचा भूतकाळ,
तो मी पुढच्या बुधवारी शिकवणार होतो.
मी काही विचारलं नाही.
त्यानं वहीचा कोपरा दुमडला, उलगडला, पुन्हा दुमडला.

मग मीच बोलत सुटलो, मास्तर बोलतात तसं.
मराठीत 'ज्या' म्हटलं की 'त्या' यावीच लागते,
तोवर ऐकणारा एका पायावर उभा.
इंग्रजीत मुख्य वाक्य आधी खुर्चीत बसतं
आणि हे मागून येतं, आपली पिशवी घेऊन.
याला गौण वाक्य म्हणतात.
एकटं उभं राहू शकत नाही.

"आमच्यात 'जो' कोण वापरतंय सर," तो म्हणाला,
"तेलुगूत आधी झालेलं सांगायचं, मग वस्तू.
आई तसंच मराठी बोलती:
बाद केलेली विडी. पगार न झालेला शनिवार."
थोडं थांबून:
"आणि गौण कशाला म्हणायचं ओ?
भांडण तर सगळं त्याच्यातच हाय."

साडेनऊपर्यंत उत्तर लिहीत बसलो.
बाकीचे दहा जण कधीच घरी गेले होते,
त्यांचे अर्धे चहा तसेच.
ज्या टॉवेलांवर डाग होते ते परत घेण्यास आम्ही तयार आहोत.
स्वल्पविराम एकही नाही. तीनदा तपासलं.
पत्राला वजन यावं म्हणून मी पुढं जोडलं:
जरी रवाना करण्यापूर्वी मालाची तपासणी झाली होती,

"ते काढा सर."
"व्याकरण बरोबर आहे."
"बरोबर हाय. काढा."

काढलं.
अल्दोवर रेघ मारताना कागद जरा फाटला,
नवा घेतला.

चौथ्या दिवशी तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आला.
मोबाईल पुढं केला. रॉटरडॅम.
एकच शब्द, पुढं टिंब:
नोटेड.

ना व्हिच, ना दॅट.
कर्ता नाही. कोणी नोंदलं, काय नोंदलं,
नऊ पेट्या की तीनशे बारा, काहीच नाही.

वर्ग गप्प. शेजारी पाळी बदलत होती,
त्यामुळं फळा कधी नव्हे तो स्थिर.

"सर," मल्लेशम म्हणाला,
"ह्यातलं मुख्य वाक्य कुठलं?"

मी खडू शोधायला लागलो.
हातातच होता.